लेझरनं रेणू जळत कसा नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सोलापुरात रसायनशास्त्र शिकवतो म्हटल्यावर एम.एस्सी.ची मुलं विचारतात, पॅथॉलॉजी लॅबवाले मित्रही विचारतात: माल्डीमध्ये, म्हणजे लेझरनं रेणू उडवून, त्याला विद्युतभार देऊन त्याचं वजन मोजायच्या पद्धतीत, प्रथिनावर लेझर मारतात, तर ते जळून का जात नाही? आणि त्यावर विद्युतभार येतो कुठून?

जळण्याचं उत्तर सोपं आहे. प्रथिनाच्या एका रेणूमागे मॅट्रिक्सचे हजारो रेणू असतात. मॅट्रिक्स म्हणजे डीएचबी किंवा सिनापिनिक आम्लासारखं, अतिनील प्रकाश शोषणारं आम्ल. प्रथिन आणि मॅट्रिक्स यांच्या मिश्रणाचा थेंब स्टीलच्या प्लेटवर सुकवला की स्फटिक धरतात. त्यांवर काही नॅनोसेकंदांचा झोत पडला की मॅट्रिक्स तापून एकदम उडतं आणि त्याच्या लोटाबरोबर प्रथिनही वर जातं. चटणीचे शेंगदाणे भट्टीवाला विस्तवावर न टाकता तापल्या वाळूत भाजतो, तसंच हे. फक्त इथे वाळूच उडून जाते.

भाराचं मात्र तितकं सरळ नाही. ‘लेझरनं इलेक्ट्रॉन उडवला’ असं मुलं ठोकून देतात. मी फळ्यावर हिशेब मांडायला लावतो. ३३७ नॅनोमीटरच्या नायट्रोजन लेझरचा एक फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, साधारण ३.७ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा. डीएचबीचा इलेक्ट्रॉन काढायला लागतात ८ च्या आसपास. म्हणजे दोन फोटॉन मिळूनही भागत नाही!

इथून दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, शेजारशेजारचे उत्तेजित मॅट्रिक्स-रेणू आपली ऊर्जा एकत्र करतात, त्यातला एखादा आयन (म्हणजे भार असलेला रेणू) होतो आणि पुढे त्या लोटातच प्रोटॉन प्रथिनाकडे जातो. दुसरा म्हणतो, आम्लाच्या द्रावणात प्रथिनानं प्रोटॉन आधीच घेतलेले असतात. उडताना बहुतेकांचा भार नाहीसा होतो, एखाददुसरा प्रोटॉन टिकवून जे वाचतात तेच आपल्याला दिसतात. माल्डीत आयन बहुधा एकाच भाराचे का येतात, हे या दुसऱ्या मतानं छान उलगडतं. मला विचाराल तर दोन्ही खरं आहे; कुणाचा वाटा किती, ते मॅट्रिक्सवर आणि लेझरवर ठरतं.

जाता जाता एक. लेझरनं प्रथिन उडवण्याच्या कामासाठी २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये जपानचे कोइची तानाका होते, पण त्यांनी वापरली होती ग्लिसरॉलमध्ये कालवलेली कोबाल्टची बारीक भुकटी. आज लॅबमध्ये चालते ती आम्लाची पद्धत कारास आणि हिलेनकाम्प या जर्मन शास्त्रज्ञांची, आणि त्यांना त्यात जागा मिळाली नाही. मला ते अजून खटकतं.

आणि भार म्हणजे प्रोटॉनच असं नाही. साखरेसारखे रेणू सोडियम पकडतात. म्हणून नमुन्यात मीठ राहिलं, तर आलेखावर मूळ पीकच्या (म्हणजे उंचवट्याच्या) पुढे २२ डाल्टननं (रेणूच्या वजनाचं एकक) जड असं दुसरं पीक उभं राहतं. ते पाहून ‘सर, नवीन संयुग सापडलं’ म्हणत धावत येऊ नका. आधी नमुन्यातलं मीठ काढा.