हॅरियर पाहायचंय? मग डन्सफोल्डला जाऊ नका

हॅरियर, म्हणजे जागच्या जागी सरळ वर उठू शकणारं ब्रिटिश लढाऊ विमान. त्याच्या खुणा शोधत इंग्लंडात फिरणार असाल, तर सरे परगण्यातलं डन्सफोल्ड आत्ताच यादीतून खोडून टाका. "जिथे जन्मलं ती जागा बघितलीच पाहिजे," असं मला छातीठोकपणे सांगण्यात आलं होतं. जागा खरी आहे, वादच नाही. २१ ऑक्टोबर १९६० रोजी चाचणी वैमानिक बिल बेडफर्डने पी. ११२७ हे हॅरियरचं पहिलं रूप इथेच, जमिनीला बांधलेल्या अवस्थेत, अधांतरी उभं केलं, तेही पायाला प्लास्टर असताना. पण आज तुमच्या वाट्याला येतं ते कुंपण आणि बंद फाटक. धावपट्टी नीट दिसतसुद्धा नाही.

तिथे पोचणं तर त्याहून वाईट. जवळ रेल्वे नाही. गिल्डफर्डहून बसने क्रॅनलीपर्यंत जायचं आणि पुढे पायी. अंतर कोणालाही जमेल असं आहे, रस्ता मात्र चालणाऱ्यांसाठी नाही. फुटपाथ मध्येच संपतो, मग एका बाजूला काटेरी झुडपांची भिंत आणि दुसऱ्या बाजूला अंगावर येणारे ट्रक. वळणावर ड्रायव्हरला आपण दिसत नाही. पाऊस असेल तर अजिबात जाऊ नका, लहान मुलं बरोबर असतील तर कोरड्या दिवशीही नाही. परतीला टॅक्सी बोलावली. फोनवर पस्तीस पौंड सांगितले होते, उतरताना पंचावन्न मागितले. कारण काय, तर "गाडी रिकामी यावी लागली". भाडं मेसेजवर लिहून घेतल्याशिवाय गाडीत पाय ठेवू नका.

लंडनलगतच्या किंग्स्टनचा दिवस मजेत गेला. रिचमंड रोडवरच्या ज्या कारखान्यात हॅरियरचे सांगाडे बनत, तो १९९२ मध्ये बंद झाला आणि तिथे आता घरं आहेत. सांगाडे रस्त्यानेच डन्सफोल्डला जात, तिथे जोडणी आणि चाचणी होई. कारखान्याची जागा तासाभरात बघून होते.

पैसे आणि पाय दोन्ही राखून ठेवा वेब्रिजच्या ब्रुकलँड्स संग्रहालयासाठी. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनातून थेट रेल्वेगाडी आहे, स्टेशनापासून चालत जाता येतं. इथे पी. ११२७ चा शेवटचा नमुना, एक्सपी ९८४, आहे. त्याच्या कुशीशी उभं राहून नॉझल निरखून पाहा. पेगासस इंजिन एकच, पण झोत बाहेर पडायला चार तोंडं. पुढच्या दोनांतून पंख्याची त्यामानाने थंड हवा, मागच्या दोनांतून जळलेला वायू. कॉकपिटमधला एक दांडा ओढला की चारही एकदम खाली वळतात. विमान हवेत थबकलं की पंखांवरून वारा वाहत नाही, म्हणून तोल सांभाळायला नाक, शेपूट आणि पंखांची टोकं इथून हवेचे छोटे फवारे सोडतात. राल्फ हूपर आणि सिडनी कॅम यांच्या चमूचं हे डोकं समोर उभं असताना मी अक्षरशः थकवा विसरलो. एक्सव्ही ७४१ हे हॅरियरसुद्धा चुकवू नका. १९६९ च्या अटलांटिक शर्यतीत हेच विमान लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनाशेजारच्या कोळशाच्या यार्डातून सरळ वर उठलं आणि न्यूयॉर्कला गेलं.

निवृत्तीचा विषय निघाला की माझा आजही संताप होतो. काटकसरीच्या नावाखाली २०१० च्या संरक्षण आढाव्यात ब्रिटनने हॅरियर काढून टाकलं. १५ डिसेंबरला कॉट्समोर हवाई तळावरून सोळा विमानं शेवटची उडाली, आणि पुढच्या वर्षी ७२ विमानं अमेरिकेच्या मरीन कोअरला सुट्या भागांसाठी विकून टाकली. विमानवाहू नौकांचा देश कित्येक वर्षं स्वतःच्या नौकेवरून एकही लढाऊ जेट उडवू शकत नव्हता. हा निर्णय चुकीचाच होता. ब्रिटिशांनी सी हॅरियर, म्हणजे नौदलासाठीचं हॅरियर, तर २००६ मध्येच निवृत्त केलं. आपल्या नौदलाने ते १९८३ पासून आधी विक्रांतवर, मग विराटवर वापरलं आणि थेट २०१६ पर्यंत उडवलं.

इंग्लंडचं तिकीट परवडत नसेल, तर गोव्यात दाबोळीजवळ बोगमाळो रस्त्यावरच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॅरियर उभं आहे. विमानं उघड्यावर आहेत, तेव्हा सकाळी जा. सुट्टीचा वार आधी विचारून घ्या, आणि रिक्षाचं भाडं बसण्यापूर्वी ठरवा.