टँकरचं पाणी आणि फाटलेलं फ्रॉस्टिंग

मे महिन्यातला शुक्रवार, सकाळचे साडेनऊ. माझ्याकडे बेकिंग शिकून गेलेली आणि आता धायरीत घरूनच ऑर्डरी घेणारी एक मुलगी फोनवर होती. "ताई, फ्रॉस्टिंग फाटलंय. आणि कोल्ड ब्रू रात्रीपासून गाळतेय, खाली उतरतच नाहीये." ऑर्डर होती दोन किलोच्या बिनअंड्याच्या कॉफी केकची आणि कोल्ड ब्रूच्या, म्हणजे थंड पाण्यात तासन्‌तास भिजवून गाळलेल्या कॉफीच्या, बारा बाटल्यांची. संध्याकाळी सहाला न्यायला येणार होते. माझ्या फ्रिजमध्ये ९०० मिली तयार कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी घालून प्यायचा दाट कोल्ड ब्रू, होतं. ते आणि थर्मामीटर पिशवीत टाकून कर्वेनगरहून राजाराम पुलावरून निघाले.

आधी मिक्सरच्या भांड्यातलं फ्रॉस्टिंग, म्हणजे केकला लावायचं बटर-साखरेचं क्रीम, पाहिलं. शिऱ्याला तूप कमी पडलं की रवा जसा सुटा राहतो, तसे फिकट तपकिरी दाणे होते. भांडं तिरकं केलं की कडेनं तपकिरी पाणी वाहत होतं. बोटांवर चोळलं तर दाणा लगेच वितळून तेलकट झाला. थर्मामीटर खुपसला, ३१ अंश. स्वयंपाकघर ३३ होतं.

"काय काय घातलंस, आकडे सांग."

अनसॉल्टेड बटर ४५० ग्रॅम. आयसिंग शुगर बटरच्या दुप्पट, म्हणजे ९०० घालायची. पण गिऱ्हाइकानं "फार गोड नको" म्हटलं म्हणून तिनं ६००च घातली. कॉफी चार-पाच टेबलस्पून पुरते. पण चवच लागेना म्हणून वाढवत वाढवत पाऊण कप, म्हणजे १८० मिली.

यातली प्रत्येक गोष्ट एकेकटी कदाचित निभावली असती. बटर म्हणजे काही निव्वळ स्निग्धांश नव्हे. त्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश आणि १६ टक्क्यांपर्यंत पाणी असतं. म्हणजे ४५० ग्रॅममध्ये सत्तरेक ग्रॅम पाणी आधीच बसलेलं, बारीक थेंबांच्या रूपात, स्निग्धांशात अडकून. वरून १८० मिली ओतल्यावर एकूण पाणी अडीचशेच्या घरात गेलं. थोडं जास्तीचं पाणी साखर स्वतःत ओढून घेते, त्याचा दाट पाक होतो आणि तो थेंब धरून ठेवतो. इथे साखरच एक तृतीयांशानं कमी. उरला आधार बटरमधल्या घट्ट स्निग्ध कणांचा. पण दुधाचा स्निग्धांश ३२ ते ३५ अंशांच्या आसपास जवळजवळ सगळा वितळतो आणि हे भांडं होतं ३१वर. बटर मऊ नव्हतं, तूप व्हायच्या वाटेला लागलं होतं. मग पाणी धरणार कोण?

पण एवढी कॉफी घालायची वेळ का आली, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर ओट्यावर टांगलेलं होतं. श्रीखंडाचा चक्का बांधतो तसं मलमलीचं गाठोडं नळाला लटकवलेलं, खाली पातेलं, आणि मिनिटाला एखादा थेंब. गाठोड्याला हात लावला तर बाहेरून बुळबुळीत. डबा मागवला. फिल्टर कॉफीची पावडर होती, ७० टक्के कॉफी, ३० टक्के चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळायचं भाजून दळलेलं मूळ. डब्यावर तसं स्पष्ट छापलेलं. कायद्यानं कॉफी-चिकोरी मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असली की चालतं, तेव्हा ७०:३० यात गैर काही नाही. पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरमध्ये, गरम पाण्यात, भरपूर दुधाबरोबर ती छानच लागते. कोल्ड ब्रूला मात्र दोन कारणांनी नडते. एक तर चिकोरीच्या मुळाचा मोठा भाग पाण्यात विरघळतो आणि रंग झटकन सोडतो. त्यामुळे बरणी तासाभरात काळीभोर दिसते आणि आपल्याला वाटतं कॉफी उतरली. चव बघावी तर जळक्या गुळासारखी कडसर गोडी, कॉफीचा वास नावाला. दुसरं म्हणजे ही पावडर दळलेली असते बारीक. चिकोरी फुगते, बारीक गाळ कापडाची भोकं बुजवतो आणि गाळणं थांबतं.

त्यात पाणी. गुरुवारी नळाला पाणी नव्हतं म्हणून तिनं टँकरचं वापरलं होतं. तिच्या चहाच्या किटलीच्या तळाला पांढरा खडबडीत थर होता. तो दिसला की पाणी जड आहे हे वेगळं तपासायला नको. जड पाण्यातले क्षार कॉफीतली आंबट-फळासारखी चव मारून टाकतात, आणि कॉफी सपाट लागते. उलट आरओमधून सगळं काढून टाकलेल्या पाण्यातही ती पातळ, बेचव लागते. मी साधं नळाचं पाणी कार्बन फिल्टरमधून काढून वापरते. खडकवासल्याचं पाणी या कामाला चांगलं. नळ बंद असेल त्या दिवशी टँकरचं आणि आरओचं पाणी अर्धं अर्धं मिसळलं तरी भागतं.

एक गोष्ट तिनं बरोबर केली होती: भिजवलेली बरणी फ्रिजमध्ये ठेवली होती. परदेशी कृतींत "बाहेर ठेवा" असं सर्रास लिहिलेलं असतं. ते त्यांच्या वीस अंशांच्या घरांसाठी. पुण्यातल्या मे महिन्यात बरणी रात्रभर ओट्यावर राहिली तर कडवटपणा वाढतो, आणि कोल्ड ब्रू उकळलेला नसल्यामुळे त्यात जंतू वाढायचीही भीती. सुरुवातीला पटकन उतरलेली दीड वाटी तिनं लगेच फ्रिजमध्ये ठेवली होती आणि फ्रॉस्टिंगला तीच वापरली होती. रात्रभर उकाड्यात थेंबथेंब पडलेलं पातेल्यातलं मात्र मी सरळ मोरीत ओतायला सांगितलं. तिचा चेहरा उतरला. पाव किलो कॉफी होती ती.

आता वेळेचं गणित. कोल्ड ब्रू नव्याने लावला तर चौदा-सोळा तास, तेव्हा तो विषय संपला. माझ्या ९०० मिलीतलं २०० केकला, उरलेल्या ७०० मध्ये तेवढंच गार पाणी घालून २०० मिलीच्या सात बाटल्या. बाराच्या सात होणार हे तिनं अकराच्या आत फोन करून सांगितलं आणि पाच बाटल्यांचे पैसे कमी केले. गरम कॉफी करून बर्फात ओतून ती कोल्ड ब्रू म्हणून खपवायची कल्पना तिच्या मनात आली होती. पिणाऱ्याला फरक कळतो: गरम पाण्यानं आंबटपणा आणि सुगंध जास्त उतरतो, थंड पाण्यानं कमी, म्हणून तर कोल्ड ब्रू गुळगुळीत लागतो.

फाटलेलं फ्रॉस्टिंग फेकलं नाही. भांडं वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून १९ अंशांवर आणलं आणि मंद गतीवर फिरवलं. नुसतं उष्णतेनं ढिलं झालं असतं तर एवढ्यानं जमलं असतं. (उलट फ्रिजमधून काढलेल्या गार बटरमुळे दाणे आले असतील तर दोन चमचे मिश्रण वितळवून परत घालायचं. आजार दिसायला एकच, औषधं उलटी.) इथे बरंचसं जुळून आलं, पण जास्तीचं पाणी सुटलंच. ते चाळणीवर निथळू दिलं. वाटीभर तपकिरी पाक निघाला, तो स्पंजच्या थरांवर शिंपडायला कामी आला. उरलेला गोळा थरांच्या मध्ये भरायला ठीक, बाहेरून लावायला नाही.

बाहेरच्या थरासाठी वेगळी युक्ती लागणार होती. गोडी कमी हवी, कॉफी जास्त हवी, अंडं नको. म्हणजे पाणी येणारच, आणि ते धरायला पुरेशी साखर किंवा अंड्याचा पांढरा भाग नाही. अशा वेळी मैदा कामाला येतो. मैदा दुधात शिजवून त्याची खळ करायची आणि ती बटरमध्ये फेटायची. शिजलेला स्टार्च पाणी आत अडकवून ठेवतो, म्हणून त्यातून कॉफी भरपूर घालता येते. जुनी पद्धत आहे, आपल्याकडे का रुळली नाही कोण जाणे.

एक किलोच्या केकला पुरेल असं प्रमाण सांगते. आम्ही दुप्पट केलं. साखर २०० ग्रॅम आणि मैदा ३५ ग्रॅम कोरडेच एकत्र करायचे. साखर मैद्याचे कण वेगळे ठेवते, गुठळ्या होत नाहीत. १५० मिली गार दूध थोडं थोडं घालत फेटणीनं कालवायचं, मग मध्यम आचेवर. पिठलं हलवतो तसं सतत, तळ खरवडत. रटरटायला लागलं की आणखी दोन मिनिटं शिजू द्यायचं, नाहीतर कच्च्या मैद्याचा वास राहतो आणि तो कॉफीतूनही लपत नाही. त्यानंतर एकूण ८० मिली कॉन्सन्ट्रेट दोन भागांत घालायचं. सुरुवातीलाच दुधात ओतलं तर कॉफीच्या आंबटपणानं दूध नासू शकतं, विशेषतः दूध कालचं असेल तर. मैद्यानं दूध दाट झाल्यावर ती भीती कमी. पुन्हा इतकं दाट व्हायला हवं, की फेटणी फिरवली की तिच्या रेषा तशाच राहतील.

इथे एक कबुली द्यायला हवी. कॉफी शिजवली की कोल्ड ब्रूची नजाकत बरीच जाते. म्हणून शिजवायची ती ८० मिली. २० मिली कच्चीच बाजूला ठेवायची, त्यात दोन टीस्पून इन्स्टंट कॉफी विरघळवायची आणि ती शेवटी घालायची. इन्स्टंट म्हटलं की नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. पण पाणी न वाढवता चव वाढवणारं घरात दुसरं काही नसतं. कॉन्सन्ट्रेट आटवून दाट करायचा सोपा वाटणारा मार्ग मी करून पाहिलेला आहे. शिळ्या, उकळलेल्या कॉफीसारखं लागतं.

खळ गार होणं सगळ्यात महत्त्वाचं, आणि मे महिन्यात तेच सगळ्यात अवघड. स्टीलच्या परातीत पातळ पसरली, वर प्लास्टिक अगदी चिकटवून लावलं, म्हणजे साय धरत नाही, आणि परात बर्फाच्या पाण्यावर ठेवली. २२ अंशांवर यायला चाळीस मिनिटं लागली. तोवर स्टँड मिक्सर उचलून बेडरूममध्ये नेला, कारण एसी तिथेच. कपाटाशेजारी, इस्त्रीच्या टेबलावर.

२२५ ग्रॅम बटर (आमचं ४५०) बोट दाबलं की खळगा पडेल पण बोटाला तेल लागणार नाही, इतपतच मऊ. साधारण १९ अंश. पाच मिनिटं फेटल्यावर ते पांढरट, फुललेलं दिसतं. मग खळ एकेक टेबलस्पून, आधीची पूर्ण मिसळली की पुढची. मध्येच एकदा ते फाटल्यासारखं दिसतं. घाबरून थांबायचं नाही, आणखी तीन-चार मिनिटांत श्रीखंडासारखं गुळगुळीत होतं. शेवटी चिमूटभर मीठ, इन्स्टंटवाली कॉफी चमचा-चमचा, आणि जायफळ, दोन चिमटी किसून. आपल्या घरच्या दुधाच्या कॉफीला जायफळ चालतं, बटरमध्ये ते आणखी खुलतं.

"ताई, घरचं लोणी चाललं असतं?" तिनं विचारलं. नाही. घरच्या लोण्यात पाणी किती हे रोज बदलतं, आणि ताकाचा आंबटपणा कॉफीशी भांडतो. गावठी लोणी भाकरीवर घ्यावं. बटरचा पाचवा भाग काढून वनस्पती शॉर्टनिंग, म्हणजे डालड्यासारखी घट्ट चरबी, घातलं तर उन्हात जास्त टिकतं, हेही खरं. पण टाळूला मेण लागल्यासारखं वाटतं, मला ते चालत नाही. त्यापेक्षा केक फ्रिजमधून अर्धा तास आधीच काढावा आणि घेऊन जाणाऱ्याला गाडीचा एसी लावायला सांगावा. हेही फ्रॉस्टिंग बटरचंच आहे. पंख्याखालच्या हॉलमध्ये तासाभरापेक्षा जास्त धीर धरत नाही.

साडेपाचला केक फ्रिजमध्ये गेला. मग तिच्या वहीत पुढच्या खेपेसाठी लिहून दिलं. चिकोरी नसलेली मध्यम भाजलेली चिकमंगळूरची अरेबिका, फ्रॉस्टिंगसाठी असेल तर त्यात चतुर्थांश रोबस्टा, कारण अरेबिकाची नाजूक चव बटर-साखरेत बुडते आणि रोबस्टाचा कडक कडवटपणा टिकतो. रोबस्टात कॅफिन जवळपास दुप्पट, तेव्हा रात्रीच्या समारंभात आजी-आजोबांच्या बाटल्यांत ती नको. दळण लापशी रव्याइतकं जाड. १०० ग्रॅम कॉफीला ५०० ग्रॅम पाणी, दोन्ही वजनावर. सगळी पूड ओली होईपर्यंत ढवळायची, फ्रिजमध्ये १६ तास. पूड स्वतःच्या दुप्पट पाणी पिते, म्हणून हाती येतं ३०० मिलीच. बाटल्यांचा हिशोब त्यावरून. बारा बाटल्यांना ४०० ग्रॅम कॉफी आणि दोन लिटर पाणी. आधी स्टीलच्या गाळणीतून, मग ओलं करून पिळलेल्या मलमलीतून. आणि गाळताना कापड पिळायचं नाही. चक्का पिळायची सवय हाताला असते, पण इथे पिळलं की गाळ आणि कडवटपणा दोन्ही खाली उतरतात. कॉन्सन्ट्रेट फ्रिजमध्ये आठवडाभर, दूध घातलं की दोन दिवस.

सहाला केक आणि सात बाटल्या गेल्या. निघताना ओट्याकडे नजर गेली. नळाला लटकवलेलं ते गाठोडं काढायचं राहूनच गेलं होतं, आणि त्यातून अजूनही मिनिटाला एक थेंब पडत होता.