अंडे, सताप आणि दोन बहिणी

आज मेक्सिकोतील ओआहाका शहरात, एका घराच्या अंगणात, १४ आणि १६ वर्षांच्या दोन बहिणींना आजीकडून 'लिंपिया' म्हणजे शुद्धीकरणाचा विधी शिकताना पाहिले. कोपाल वृक्षाच्या डिंकाचा धूप घालून, सताप या उग्र वासाच्या औषधी वनस्पतीच्या जुडीने माणसाला डोक्यापासून पायांपर्यंत झाडायचे, मग कच्चे अंडे अंगावरून फिरवून पाण्याच्या पेल्यात फोडायचे आणि पांढऱ्या बलकाचे धागे कसे वर चढतात यावरून दुखण्याचा अंदाज घ्यायचा, असा तो क्रम होता. दृष्ट लागणे, तसेच 'सुस्तो', म्हणजे जबर धसक्याने आत्मा देहापासून दुरावणे, ही या परंपरेत खरीखुरी दुखणी मानली जातात. मीठ-मिरच्यांनी माझी दृष्ट काढणारी आई त्या क्षणी फार आठवली.

धाकटीचा हात थरथरत होता, पण आजी रागावली नाही. तिने फक्त आधी प्रार्थना पूर्ण करायला सांगितले. सताप गर्भवतीला कधीही पोटात द्यायचा नाही, हे मात्र तिने दोघींकडून तीनदा वदवून घेतले, आणि मला त्या विद्येचा सर्वांत मोलाचा भाग तोच वाटला. निघताना थोरलीने सतापाची एक डहाळी माझ्या हातात ठेवली.