जुन्या एक्सचेंजमधली कट-ओव्हरची रात्र

शहराच्या ऐन मध्यावर टेलिफोन एक्सचेंजची जाड भिंतींची इमारत का असते, ते तळघरातल्या केबल चेंबरमध्ये उतरलं की कळतं. अर्धा मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या जोडीचा रोध किलोमीटरला साधारण १७५ ओहम भरतो. लाइनचा रोध हजार ओहमच्या पुढे गेला की जुन्या रिलेंना, म्हणजे विजेच्या चुंबकावर उघडझाप करणाऱ्या स्विचना, डायलचे पल्स नीट ओळखता येत नाहीत. म्हणून एक्सचेंज वस्तीच्या मध्यावर बांधायचं, आणि सगळ्या केबल एकदा तिथे येऊन मिळाल्या की ते हलवायचं नाही. यंत्रं बदलतात, पत्ता तोच राहतो. स्ट्रोजर, म्हणजे जुनं यांत्रिक एक्सचेंज, काढून इलेक्ट्रॉनिक एक्सचेंज चालू करायचं काम, म्हणजे कट-ओव्हर, आम्हाला त्याच इमारतीत करायचं होतं.

अल्मन स्ट्रोजरला स्वयंचलित स्विचचं पेटंट १८९१ मध्ये मिळालं आणि १८९२ मध्ये अमेरिकेतल्या ला पोर्टला असं पहिलं एक्सचेंज सुरू झालं. त्यातून घडलेल्या सिलेक्टरचा, म्हणजे डायल केलेल्या आकड्यानुसार वाट निवडणाऱ्या स्विचचा, दांडा एका आकड्याच्या पल्सवर वर चढतो, मग आडवा फिरतो: दहा पातळ्या, प्रत्येकीवर दहा जागा. अशा हजारो सिलेक्टरांच्या रॅकसाठी छत उंच हवं आणि जमीन दणकट. शिशाच्या बॅटऱ्या शक्यतो खालच्या मजल्यावर, कारण वजन, आम्ल आणि चार्जिंगच्या वेळी सुटणारा हायड्रोजन. २ व्होल्टचे २४ सेल मिळून ४८ व्होल्ट, आणि धन टोक जमिनीला. तारा ऋण राहिल्या की ओल शिरली तरी तांबं झिजत नाही. इतका साधा निर्णय, पण भूमिगत केबलचं आयुष्य त्यानेच वाढलं.

कट-ओव्हरची तयारी एमडीएफवर, म्हणजे बाहेरच्या केबल आणि एक्सचेंज जिथे जोडले जातात त्या लोखंडी फ्रेमवर होते. प्रत्येक चालू जोडीवरून नव्या एक्सचेंजच्या ब्लॉकपर्यंत दुसरा जंपर, म्हणजे जोडतार, आधीच ओढून ठेवायचा. नव्या बाजूच्या संपर्कात प्लास्टिकची पाचर घालून ती लाइन तोडून ठेवायची आणि रांगेतल्या पाचरी दोरीला बांधायच्या. मग एकेक नंबर तपासायचा: योग्य जोडी, योग्य क्रम, इन्सुलेशन. दोन तारा उलट लागल्या तर डायल टोन येतो, पण नाण्याचा फोन आणि बटणांचे काही जुने फोन अडून बसतात. डायल टोन आला म्हणून लाइन पास करायची नाही, असा आमचा दंडक.

वेळ मध्यरात्रीनंतरची, कारण तेव्हा कॉल सर्वांत कमी. क्रम ठरलेला: आधी जुन्या बाजूचे फ्यूज काढायचे, मगच दोऱ्या ओढायच्या. उलट केलं तर दोन्ही एक्सचेंजचे रिले एकाच लाइनवर येतात आणि दोघांनाही चुकीचे पल्स मिळतात. फ्यूज निघाले तसे उरलेसुरले सिलेक्टर खडखडत जागेवर परतले. त्या खोलीत एरवी मोठ्याने बोलावं लागे. त्या क्षणी एमडीएफवरून दिलेली हाक सरळ ऐकू आली, आणि इतकं अजस्र यंत्र इतकी वर्षं काय करत होतं, ते त्या शांततेने सांगितलं.

खरी कसोटी दोऱ्या ओढल्यानंतरची. रिसीव्हर जागेवर नीट न ठेवलेले फोन आणि ओल लागलेल्या केबलमधल्या गळतीच्या लाइनी एकदमच डायल टोन मागू लागतात. जुना ढोबळ रिले जी गळती सोडून देत असे, ती नव्या एक्सचेंजच्या लाइन कार्डला, म्हणजे लाइनवर लक्ष ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पट्टीला, उचललेला फोन वाटते. अशा लाइनी टेस्ट डेस्कवर लगेच वेगळ्या काढाव्या लागतात, नाहीतर बाकीच्यांचा डायल टोन लांबतो. रुग्णालयं आणि अग्निशमन दलाच्या लाइनी मात्र सगळ्यांच्या आधी, दोन्ही दिशांनी कॉल लावून पाहायच्या.

मला सर्वांत काळजी होती ती मजल्यांमधल्या केबलच्या भोकांची. नव्या केबलसाठी ती उघडलेली असतात आणि यशाच्या आनंदात तशीच राहतात. २७ फेब्रुवारी १९७५ ला न्यूयॉर्कच्या सेकंड अव्हेन्यूवरच्या एक्सचेंजमध्ये केबल चेंबरला आग लागली. ती वर चढली, जळत्या पीव्हीसीच्या धुरातलं आम्ल संपर्कांवर बसलं आणि सुमारे १,७०,००० फोन बंद पडले. सगळं शहर एका इमारतीत येऊन मिळतं, त्याची ही दुसरी बाजू. म्हणून आमच्याकडे अग्निरोधक मसाल्याने भोकं बुजवल्याशिवाय त्या रात्रीची नोंदवही बंद झाली नाही.

जुने जंपर मात्र लगेच उपटायचे नाहीत. घट्ट जुड्यातून तार खेचली की शेजारच्या चालू तारेचं इन्सुलेशन सोलवटतं आणि दोन लाइनींवरचं बोलणं एकमेकांत ऐकू येऊ लागतं. आधी नवं एक्सचेंज काही दिवस स्थिर चालू द्यायचं, मग जंपर दोन्ही टोकांना तोडून सुटा करायचा. हलक्या हाताने निघाला तर काढायचा, अडला तर जागीच सोडून द्यायचा.