आमची वाटचाल : गटाची हद्द आणि उपग्रहाचा पिक्सेल

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रातला एक पिक्सेल, म्हणजे सर्वांत लहान चौकोन, १० बाय १० मीटरचा. म्हणजे सात-बारावरचा बरोबर एक आर, आणि ३३ फुटी साखळीने मोजलेला जवळजवळ एक गुंठा. गावनकाशावरचे गट या पिक्सेलांवर बसवायचे आणि कोणत्या गटात किती ऊस उभा आहे ते सांगायचं, हे आज आमचं मुख्य काम आहे.

सुरुवात नुसत्या डिजिटायझेशनने झाली. कापडावर चिकटवलेला गावनकाशा ४०० डीपीआयला स्कॅन करायचा, गटांच्या हद्दी गिरवायच्या, त्या हद्दींची संगणकीय फाइल (शेपफाइल) द्यायची. ती उपग्रहचित्रावर ठेवली की गट शेजारच्या बांधावर चढलेले दिसत. कागद आकसतो, कापड घडीवर ताणतं, आणि या नकाशावर अक्षांश-रेखांश नसतात. म्हणून नकाशा जमिनीशी जुळवायला लागणारे ओळखीचे बिंदू शिवारातूनच आणावे लागतात: तीन गावांच्या शिवा मिळतात तो दगड, जुनी विहीर, पाणंदीचा फाटा. ओढ्याचं वळण घेऊ नये, ओढा सरकतो. तीन बिंदूंवर गणित सुटतं, पण चूक कळत नाही. आम्ही एका शीटला १५ घेतो आणि त्यातले ४ फक्त पडताळणीसाठी बाजूला ठेवतो. थिन प्लेट स्प्लाइन वापरलं तर त्रुटी शून्य दिसते, कारण ती पद्धत नकाशा ओढून प्रत्येक बिंदूवर नेतेच. खरं काय ते बाजूला ठेवलेले चार बिंदूच सांगतात.

यूटीएम पट्ट्याकडेही लक्ष हवं; नकाशाचे मीटरमधले निर्देशांक ज्या रेखांश-पट्ट्यांत मोजतात, ते हे पट्टे. ७८ अंश पूर्व रेखांशाच्या पश्चिमेला ४३, पूर्वेला ४४. यवतमाळ जिल्हा दोन्हींत येतो.

आधी भारतीय उपग्रहांवरच्या लिस-४ कॅमेऱ्याची ५.८ मीटर पिक्सेलची चित्रं विकत घेऊन हंगामात एक-दोनदाच पाहणी परवडायची. सेंटिनेल-२ चा पहिला उपग्रह २०१५ मध्ये गेला, दुसरा २०१७ मध्ये, आणि दर ५ दिवसांनी मोफत चित्र मिळू लागलं. आमचं काम तेव्हा खरं बदललं. अडचणीही बदलल्या.

पहिली बांधाची. हद्दीवरच्या पिक्सेलात बांधावरची झाडं, शेजारचं पीक सगळं मिसळतं, म्हणून आम्ही १० मीटर आतलंच क्षेत्र मोजतो. चौकोनी एकराच्या ४० पिक्सेलांपैकी त्यामुळे जेमतेम १९ उरतात. २० मीटर रुंद, २०० मीटर लांब पट्टी असेल, तर एकर भरूनही एकसुद्धा उरत नाही. अशा गटांच्या पिक्सेल-मूल्यांची सरासरी छापणं आम्हाला पटत नाही. तिथे माणूसच पाठवतो. त्यात पोटहिस्से पुष्कळदा नकाशावर नसतात. एकाच गटात अर्धा ऊस, अर्धा हरभरा निघाला की सरासरी कोणत्याच पिकाची राहत नाही. पिक्सेलांमधली तफावत जास्त दिसली की गट तपासणीच्या यादीत जातो.

दुसरी अडचण आकड्यांची. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या नव्या चित्रांत प्रत्येक मूल्यात १००० मिळवलेले असतात. ते वजा केले नाहीत तर काय होतं पाहा. लाल प्रकाशाच्या बँडचं मूल्य ४००, डोळ्यांना न दिसणाऱ्या निकट अवरक्त बँडचं ३६००, तर एनडीव्हीआय, म्हणजे पिकाच्या हिरवेपणाचा निर्देशांक, ०.८०. तेच आकडे १४०० आणि ४६०० धरले की ०.५३. पीक तेच, हिरवंगार, आणि अहवालात मात्र वाळलेलं. जुन्या-नव्या वर्षांची तुलना करणाऱ्याने सगळ्यात आधी हे तपासावं.

अडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टची, नेमकी ढगांची. उगवण दिसत नाही. तिथे सेंटिनेल-१ चं रडार कामी येतं, ढगांतूनही चित्र मिळतं. पण ओल्या रानामुळे परतीचा संकेत वाढतो आणि नुसती पेरणीपूर्व मशागतही पिकासारखी भासू शकते. म्हणून एका तारखेवर आम्ही निकाल देत नाही. लागणीनंतरची किमान चार रडारचित्रं ओळीने लावतो आणि ढग हटल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या ऑप्टिकल, म्हणजे सूर्यप्रकाशात टिपलेल्या, चित्राशी ताडून पाहतो. अहवालात आता प्रत्येक गटापुढे आणखी एक रकाना असतो: निकाल किती शुद्ध, म्हणजे हद्दीच्या पूर्ण आतल्या, पिक्सेलांवर काढला, त्याचा.