तुम्ही विचारलंत म्हणून: ब्रिंजल की एगप्लांट?

ठाण्यातल्या नौपाड्यात मी मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवते. भाज्यांचा धडा आला की कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, ब्रिंजल चुकीचं आहे का हो? मुलगी म्हणते, एगप्लांट म्हण."

मुळीच चुकीचं नाही. ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे, दक्षिण आफ्रिकेतले लोकही इंग्रजीत ब्रिंजलच म्हणतात. आणि मला विचाराल तर ब्रिंजल, एगप्लांट आणि ब्रिटनमधलं ऑबर्जिन या तिन्ही शब्दांत तोच सगळ्यात जास्त फिरून आलेला आहे.

संस्कृतात वांग्याचं एक नाव वातिंगण. इराणात त्याचं बादिंगान झालं, अरबांकडे बादिंजान. अरबांबरोबर वांगं आणि त्याचं नाव दोन्ही स्पेन-पोर्तुगालला पोचलं. तिथे दोन वाटा फुटल्या. स्पेनमधल्या कॅटलान लोकांनी अरबीत नामाआधी लागणारा 'अल' (इंग्रजीतल्या 'द'सारखा) शब्दातच मुरवून घेतला आणि अल्बर्जिनिया म्हणू लागले. त्यावरून फ्रेंचांचं ऑबर्जिन आलं. लंडनच्या भाजीवाल्याकडे आज तेच मागायचं. पोर्तुगिजांनी 'अल' सोडून दिला, त्यांचं बेरिंजेला. ते त्यांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्याला लागलं आणि इथल्या इंग्रजांच्या तोंडी ब्रिंजल झालं. म्हणजे निघालं इथूनच, आणि परतही इथेच आलं! इटलीत मात्र त्याच नावाचं मेलांझाना झालं आणि लोकांनी त्याचा अर्थ लावला 'वेडं सफरचंद'.

एगप्लांटची गोष्ट छोटी आहे. अठराव्या शतकात युरोपातल्या बागांमध्ये वांग्याची एक पांढरी जात लावत. पानांआड लोंबणारी ती गुळगुळीत फळं हुबेहूब कोंबडीच्या अंड्यांसारखी दिसतात. अमेरिकेत पुढे सगळ्याच वांग्यांना ते नाव चिकटलं. जांभळी नाक्याच्या मंडईत भरल्या वांग्यांसाठी काटेरी देठाची जांभळी वांगी निवडताना अंडं कुणाच्या मनात येईल?

वांग्याचं झालं की बटाट्याचा विषय निघतोच. कॅरिबियन बेटांवरचे टाइनो लोक रताळ्याला बटाटा म्हणत. स्पॅनिश पटाटावरून इंग्रजांनी पोटॅटो केलं. आपण पोर्तुगिजांकडून जवळजवळ मूळ उच्चारच उचलला. ठाण्यात तर पोर्तुगीज 1737 पर्यंत, सुमारे दोनशे वर्षं होते. तेव्हा मराठी शब्द ऐकून 'हा इंग्रजीचा अपभ्रंश' असं म्हणण्याची घाई करू नका. बटाट्याच्या बाबतीत जास्त बदललंय ते इंग्रजीच.

मुलीला एगप्लांट येऊ द्या, अमेरिकन व्हिडिओ बघताना लागेल. तुम्ही मुलाखतीत, परीक्षेत, दुकानात बिनधास्त ब्रिंजल म्हणा. तिने पुन्हा टोकलं, तर तिला वातिंगणापासून सगळं सांगा.