कवायत ४: डिकोड झालं, जीपीएसशिवाय!

हॅम (हौशी) रेडिओच्या या कवायतीत रविवारी ठरल्याप्रमाणे सगळं बंद ठेवलं: वीज, इंटरनेट, जीपीएस. मी भोरला, ओएम ('ओल्ड मॅन', म्हणजे माझे हॅम मित्र) पोलादपूरला, मधे सह्याद्री. दहा फुटांवरचा तो डायपोल (तारेचा अँटेना) ४० मीटरच्या बँडवर सिग्नल सरळ आभाळात फेकतो आणि तो डोंगरापलीकडे वरून उतरतो, हे आता पक्कं झालं. एसएसबीवर, म्हणजे आवाजी बोलण्यात, ओएम शेजारच्या खोलीत बसल्यासारखे ऐकू येत होते. जेएस८ (निरोप अक्षरांत पाठवायची डिजिटल पद्धत) मात्र एक अक्षर उकलेना.

७.०७८ मेगाहर्ट्झवर वॉटरफॉलमध्ये (सिग्नल रेघांत दाखवणाऱ्या पडद्यावर) त्यांची रेघ ठळक, डिकोड शून्य. दोन तास मी चोक बदलला, साउंडकार्डची लेव्हल खालीवर केली, कोॲक्स केबलचे कनेक्टर पुन्हा आवळले. शेवटी ओएमनी माइकवर विचारलं, "तुमच्याकडे किती वाजलेत?"

मी ४१ सेकंद मागे! रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाला बॅटरीवरचं घड्याळ नसतं, आणि मधे मी बॅटरी बदलली होती. जेएस८ च्या नॉर्मल मोडची फ्रेम (निरोपाचा एक तुकडा) १५ सेकंदांची, आणि ती दोन्हीकडच्या घड्याळांत एकाच वेळी सुरू व्हावी लागते, त्यामुळे चूक बरोबर ४५ सेकंदांची असती तर डिकोड झालं असतं. ४१ म्हणजे चार सेकंद बाहेर, आणि दोनेक सेकंदांपलीकडे ते ऐकत नाही.

डीएस३२३१ ही घड्याळाची चिप लावायला हवं होतं, पण ऑनलाइन आलेलं मॉड्यूल दिवसाला चार सेकंद पळत होतं. अस्सल चिप दिवसाला ०.१७ सेकंदाच्या आत राहते. असल्या वस्तू मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाऊन, हातात घेऊनच आणाव्यात.

१० मेगाहर्ट्झवर चीनच्या बीपीएम या वेळ सांगणाऱ्या रेडिओ केंद्राचे ठोके ऐकून वेळ लावायचा माझा बेत होता. ओएम म्हणाले, खरी वेळ कशाला? दोघांची एक असली की झालं. त्यांनी मनगटी घड्याळ बघून "तीन, दोन, एक, मार्क" म्हटलं, मी एंटर दाबलं. पुढच्याच फ्रेमला उणे ११ डीबीवर त्यांचा निरोप पडद्यावर: "तळिये ठीक."

२२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली तेव्हा त्या भागात फोन लागत नव्हते. हे दोन शब्द वाचून मी बराच वेळ गप्प बसलो.

पुढच्या वेळी रत्नागिरीला तिसरं स्टेशन, आणि निरोप पोलादपूरमार्गे. संध्याकाळी ४० मीटरचा सिग्नल लांब पळतो, तेव्हा ८० मीटरवर जाऊ. आणि हो, लिहिता लिहिता सुचलं: मार्क आवाजाऐवजी मोर्सच्या एका लांब डॅशने दिला तर? डॅश संपला की एंटर. गोंगाटातही पोचेल. कपाटातली मोर्सची की आजच काढतो. ७३ (हॅम भाषेत शुभेच्छा).